देर अल मदिना: थडगी खोदणाऱ्यांच्या घरातले देव

खडूची पेटी

इजिप्तचा राजा दुसरा राम्सेस याच्या कारकिर्दीचं ४०वं वर्ष, म्हणजे साधारण इ.स.पू. १२४०. नाईलकाठच्या थीब्ज शहराच्या पश्चिम तीरावर राजाचं थडगं खोदणाऱ्या कामगारांचा हजेरीपट चुनखडीच्या एका मोठ्या कपचीवर लिहिलेला आहे. कपची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुमारे ४० माणसांची नावं, काळ्या शाईत खाड्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर लाल शाईत बारीक अक्षरात कारण. बरं नव्हतं. डोळे दुखत होते. विंचू चावला. बियर गाळायची होती. देवाला नैवेद्य दाखवायचा होता. भावाचं प्रेत बांधायचं होतं. बायकोची किंवा मुलीची पाळी होती. आणि काही ठिकाणी सरळ: साहेबाच्या खाजगी कामाला गेला.

इजिप्तच्या धर्माबद्दल लिहायचं तर मी सुरुवात इथून करेन. आपल्याकडे या विषयावर जे काही येतं ते कोल्हामुखी देव अनुबिस, सोन्याचे मुखवटे आणि शाप यांच्यापुढे जात नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही माणसं जन्मभर मरणाचीच तयारी करत बसली होती. हा समज कसा झाला ते समजण्यासारखं आहे. घरं कच्च्या विटांची आणि नाईलच्या पुराच्या पट्ट्यात. ती विरघळली, त्यांच्यावर नवी गावं वसली, शेतं झाली. थडगी मात्र वर, कोरड्या डोंगरात, ती टिकली. उद्या आपलंही सगळं बुडालं आणि फक्त स्मशानं उरली, तर आपल्याबद्दल काय मत होईल याचा विचार करा.

देर अल मदिना हा याला सर्वांत मोठा अपवाद. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, रंगवणारे, त्यांच्यावर लेख लिहिणारे कारागीर जिथे राहत ते हे गाव. अठराव्या राजवंशाच्या सुरुवातीला, इ.स.पू. १५००च्या सुमारास वसलं आणि जवळजवळ ४०० वर्षं नांदलं. कामाच्या सोयीसाठी नदीपासून दूर, डोंगराच्या बेचक्यात. त्यामुळे इथे पाणी नाही. गाढवांवरून पखाली आणाव्या लागत. कोणीतरी विहीर खणायचा घाट घातला असावा. ५० मीटर खाली गेले तरी पाणी लागलं नाही, मग त्या खड्ड्यात गावाचा कचरा पडू लागला. फ्रेंच उत्खनक बर्नार ब्रुयेर याने १९२२ पासून १९५१ पर्यंत इथे काम केलं. या खड्ड्यातूनच हजारो लिहिलेल्या खापऱ्या आणि कपच्या निघाल्या. धोब्याच्या याद्या, उधाऱ्या, भांडणं, प्रेमाची गाणी, जादूचे मंत्र, पोरांचे गिरवलेले कित्ते. चित्रकार आणि लेखनिकांचं गाव, त्यामुळे लिहिता येणारी माणसं इतर कुठल्याही इजिप्ती गावापेक्षा जास्त. आमचं नशीब!

आता या लोकांच्या घरात शिरू. तटबंदीच्या आत एका मुख्य गल्लीच्या दोन्ही अंगांना चिकटून बांधलेली जवळपास ७० घरं. पुढच्या खोलीत विटांचा एक उंच, पायऱ्या असलेला बंदिस्त कट्टा असतो. काहींच्या मते बाळंतिणीसाठी, काहींच्या मते देव्हारा म्हणून. त्यावर बऱ्याचदा बेसचं चित्र: बुटका, दाढीवाला, जीभ बाहेर काढलेला, सिंहासारखी आयाळ असलेला. बेसचं काम घरातल्या पोराबाळांना आणि गरोदर बाईला जपणं. त्याच्या जोडीला तावेरेत, पोट सुटलेली उभी हिप्पो मादी. थीब्जमधल्या कर्नाकच्या भव्य मंदिरात आमुन या मुख्य देवाच्या गाभाऱ्यापर्यंत सामान्य माणसाला प्रवेशच नव्हता, पण बेस आणि तावेरेत पलंगाच्या पायावर, उशीवर, आरशाच्या मुठीवर, गळ्यातल्या ताइतात असत. अखेनातेन राजाने सगळे देव बाजूला सारून आतेन या एकाच सूर्यदेवाचा पंथ काढला, तेव्हा त्याच्या खुद्द अमार्ना राजधानीतल्या कामगारवस्तीतही बेस आणि तावेरेतचे ताईत वापरात होतेच. राजाचा धर्म बदलला, बाळंतिणीचा नाही.

दुसऱ्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात पूर्वजाचा छोटा अर्धपुतळा. बऱ्याच पुतळ्यांवर नावही नाही. घरातला जो कोणी 'तिकडे' नीट पोहोचला, तो इकडच्यांसाठी रदबदली करू शकतो असा विश्वास.

आणि गावाच्या डोक्यावर अल-कुर्न हे शिखर, पिरॅमिडसारखंच दिसणारं. त्यात राहणारी नागदेवी मेरेतसेगेर. गावकरी तिला नुसतं 'शिखर' म्हणत. नेफेराबू नावाच्या कारागिराने तिला वाहिलेला शिलालेख आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्यात तो म्हणतो की मी अडाणी होतो, बरंवाईट कळत नव्हतं, शिखराचा अपराध केला आणि तिने मला धडा शिकवला. बाळंतीण विटांवर बसते तसा बसलो होतो, श्वासाला हाका मारत होतो आणि श्वास येत नव्हता. मग देवी वळली आणि वाऱ्याची झुळूक होऊन आली. याच नेफेराबूचा दुसरा शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तो कबूल करतो की मी पताह देवाची खोटी शपथ घेतली आणि देवाने मला भर दिवसा अंधार दाखवला, रस्त्यावरच्या कुत्र्यागत केलं. त्याची दृष्टी गेली असावी असाच याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. धूळ, चुनखडीची भुकटी आणि दिव्यांचा धूर यांच्यात आयुष्य घालवणाऱ्यांना डोळ्यांचे विकार होणारच. पण त्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच होता: देव माझ्यावर का कोपला?

देवाला गाऱ्हाणं ऐकू जावं म्हणून दगडी पाटीवर नुसते कान कोरून वाहायचे, हेही इथलंच. एकेका पाटीवर कानांच्या जोड्यांच्या ओळीच्या ओळी.

मला म्हणायचंय ते हे की आपण ज्याला 'इजिप्तचा धर्म' म्हणतो ते दोन-चार वेगवेगळे थर आहेत, आणि यातला सर्वांत खालचा, घरगुती थर मरणापेक्षा ताप, विंचू, बाळंतपण आणि शेजाऱ्याची नजर यांच्याशी जास्त झगडत होता. चर्चा करू.

शेवंती

मस्त धागा. हजेरीपटातला बियरचा खाडा फार आवडला.
एक शंका. काळीज तराजूत घालून तोलायची ती प्रसिद्ध गोष्ट या गावकऱ्यांची होती की फक्त राजाची? आणि खरंच घाबरायचे का तिला?

खडूची पेटी

@शेवंती, नव्या साम्राज्याच्या काळात, म्हणजे या गावाच्याच काळात, ती राजाची राहिली नव्हती, ज्याला परवडेल त्याची झाली होती. आपण 'मृतांचा ग्रंथ' म्हणतो तो पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) विकत मिळायचा. काही प्रती आधीच लिहून ठेवलेल्या, नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. काहींत ते भरायचंच राहून गेलंय.

त्यातला १२५वा मंत्र म्हणजे न्यायसभा. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात मातचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं एकत्र. अनुबिस तराजू धरतो, लेखनाचा देव थोथ नोंद करतो आणि शेजारी अम्मित वाट बघत असते: मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग, हिप्पोचं मागचं. काळीज जड भरलं की ती खाणार, आणि मग तो माणूस कायमचा संपला. ४२ न्यायदेवतांपुढे 'मी हे केलं नाही, ते केलं नाही' अशी यादी म्हणायची. ती यादी वाचण्यासारखी आहे. खून-चोरी आहेच, पण हेही आहे: तान्ह्याच्या तोंडचं दूध काढलं नाही. तराजूचा काटा दाबला नाही. वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. हे नदीकाठच्या शेतकऱ्यांचं पापपुण्य आहे.

घाबरायचे का? घाबरत असावेत, म्हणूनच पळवाट काढली. ममीच्या छातीवर दगडी भुंगेरा ठेवत आणि त्यावर मंत्र असे: माझ्या आईकडून मिळालेल्या काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. सगळी सभा खरेपणाची आणि साक्षीदाराला मात्र आधीच पढवून ठेवलेलं.

परलोकातल्या वेठबिगारीचंही तसंच. तिकडे इआरूच्या शेतात काम करावं लागणार. मग थडग्यात शाब्ती बाहुल्या ठेवायच्या. मालकाचं नाव पुकारलं की बाहुलीने 'मी आहे' म्हणून उभं राहायचं. पुढेपुढे पद्धत वाढत गेली: वर्षाच्या ३६५ दिवसांना ३६५ बाहुल्या आणि दर दहा जणींवर देखरेखीला एक मुकादम, हातात चाबूक घेतलेला. असे ४०१. या गावात दहा दिवसांचा आठवडा असे, त्याची आठवण ठेवूनच हे वाचावं.

उंटावरचा शहाणा

हे सगळं ठीक. पण पिरॅमिडबद्दल कोणी बोलत नाही. अडीच-अडीच टनांचे दगड, चाक नाही, लोखंड नाही. बाहेरून मदत असल्याशिवाय शक्य आहे का? दरवेळी हा प्रश्न विचारला की लोक हसतात, उत्तर कोणी देत नाही.

गावकूस

@उंटावरचा शहाणा, न हसता उत्तर देतो.

२०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या फ्रेंच-इजिप्ती पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. आजवर मिळालेले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खुद्द खुफूच्या काळातली, म्हणजे मोठ्या पिरॅमिडच्याच. त्याच्या हाताखाली ४०च्या आसपास माणसं. तुराच्या खाणीत चुनखडी बोटीवर चढवली, नदी आणि कालव्याने गिझाला नेली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, परत तुरा. महिनोन् महिने हेच. कंटाळवाणी आहे म्हणूनच मला ती खरी वाटते. परग्रहावरून कोणी आलं असतं तर मेरेरने त्याला भाकरी आणि बियर किती दिली ते नक्की लिहून ठेवलं असतं.

गिझाच्या पठाराच्या पायथ्याशी कामगारांची वस्तीही खणून काढली आहे: भाकऱ्यांच्या भट्ट्या, निजायच्या लांब पडव्या, गुरांच्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग. वर डोंगरावर त्यांची स्वतःची थडगीसुद्धा आहेत.

या धाग्यावर पिरॅमिड अवांतर आहे, पण. पिरॅमिड देर अल मदिनाच्या हजारएक वर्षं आधीचे.

तिठा

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

आमच्याकडे सिंधुदुर्गात देवाला कौल लावतात. गुरव देवाला कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवा पडला तर होकार. जमिनीचे, चोरीचे, लग्नाचे, सगळे प्रश्न चालतात. या गावातही देवाला प्रश्न विचारायची पद्धत होती असं कुठेतरी वाचलं होतं. त्याबद्दल लिहा की.

खडूची पेटी

@तिठा, होती आणि जोरात होती. या गावाचा खास देव म्हणजे पहिला आमेनहोतेप, मेल्यावर देव झालेला राजा. तो आणि त्याची आई आहमोस-नेफेर्तारी ही गावची दैवतं. सणाला त्याची मूर्ती पालखीतून निघे. खांद्यावर घेणारे पुजारी बाहेरचे कोणी नसत, रोज छिन्नी-हातोडी चालवणारे गावचेच कामगार. प्रश्न विचारायचा, मूर्ती पुढे आली तर हो, मागे सरकली तर नाही. कधी प्रश्न छोट्या कपचीवर लिहून देवापुढे ठेवत. अशा कपच्या मिळाल्या आहेत आणि त्यांवरचे प्रश्न एका ओळीचे असतात: यानेच चोरली का? मला नेमणूक मिळेल का?

आता गंमत बघा. ब्रिटिश म्युझियममध्ये एका पपायरसवर असाच एक चोरीचा खटला नोंदलेला आहे. एका पहारेकऱ्याचे पाच कपडे चोरीला गेले. त्याने आपल्या वस्तीतल्या आमुनला विचारलं, गावातल्या लोकांची नावं एकेक करून वाचली. एका शेतकऱ्याच्या नावाला देवाने मान हलवली. शेतकरी म्हणाला, खोटं आहे. तो दुसऱ्या वस्तीतल्या आमुनकडे गेला. त्यानेही तेच सांगितलं. मग तिसऱ्या आमुनकडे! प्रकरण फिरून पहिल्या देवापुढे आलं आणि मार पडल्यावर शेतकऱ्याने चोरी कबूल केली.

देवाने तोंडावर चोर म्हटलं तरी 'तुझं चुकतंय' म्हणून दुसऱ्या देवाकडे अपिलात जाणारी ही माणसं. यांना आंधळे भक्त म्हणणं जड जातं.

पोटमाळा

पालखी खांद्यावर घेणारे गावचेच, प्रश्न विचारणारे गावचेच, आणि कोण कसा आहे हे गावाला माहीत. देव कशाला हवा, पंचायत म्हणा.

तिठा

@पोटमाळा, आमच्याकडेही ते सगळ्यांना माहीत असतं. पण पंचाचा निकाल मानला तर अपमान होतो, देवाचा मानला तर होत नाही. एवढाच फरक, आणि गावात राहायचं असेल तर तो लहान नाही.

बाकी कौल आमच्याकडे आहे म्हणून तिथून इथे आला की इथून तिथे गेला असल्या उड्या कृपया कोणी मारू नका. नेहमीचे यशस्वी कलाकार वाट बघत असतील.

काढा आणि चूर्ण

शरीरशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

मेंदू नाकातून हूक घालून काढत आणि फेकून देत. त्यांच्या लेखी तो बिनकामाचा. काळीज जागेवर ठेवत, कारण विचार, आठवण, भावना सगळं तिथे, आणि वर तराजूत तेच जाणार. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी वेगळ्या चार बरण्यांत, होरस देवाच्या चार मुलांच्या पहाऱ्यात. मग शरीर नॅट्रॉनमध्ये पुरत. हा वादी नत्रूनचा नैसर्गिक क्षार, सोडा आणि मीठ यांचं मिश्रण. तो पाणी शोषून घेतो आणि चरबीही खातो. साधारण ४० दिवस सुकवण, नंतर तेल, राळ, कापडाचे पट्टे. सगळं मिळून ७० दिवस.

मुंबईकरांनी यातलं एक प्रकरण जवळून पाहिलं आहे. २०१२-१३ साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममी प्रदर्शन आलं होतं. ममी नेस्पेरेन्नूब या कर्नाकच्या पुजाऱ्याची, इ.स.पू. ८००च्या सुमाराची. पेटी न उघडता सीटी स्कॅनने आतलं सगळं बघितलेलं. आत त्याच्या डोक्याला मागून एक ओबडधोबड मातीचं भांडं चिकटलेलं निघालं. बहुधा राळ ओतताना खाली ठिबकेल ती धरायला ठेवलं, राळ घट्ट झाली, भांडं निघेना, ओढताना कातडी निघायला लागली. मग तसंच बांधून टाकलं, कोणाला कळतंय! पवित्र विधी असला तरी हातावेगळं करायची घाई तीच.

बडोद्याच्या संग्रहालयातही एक ममी आहे, सयाजीराव महाराजांनी १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये खरेदी केलेली. तिकडे कोणाचं जाणं झालं तर बघून या.

पोटमाळा

या धाग्यात मला एक गोष्ट खटकतेय. ताईत, पालखी, बियर, सगळं फार गोडगोड चाललंय. देर अल मदिनाचे लोक म्हणजे सरकारी नोकरदार. राजाच्या कोठारातून पगार, घर फुकट, लिहिता-वाचता येणारे, स्वतःची रंगवलेली थडगी. यांना 'सामान्य इजिप्ती माणूस' म्हणणं चुकीचं.

सामान्य माणूस बघायचा तर अमार्नाच्या दफनभूमीत जा. बॅरी केम्प यांच्या प्रकल्पात तिथली गरिबांची दफनं खणली गेली. ममी नाही, पेटी नाही. बहुतेकांना चटईत गुंडाळून वाळूत पुरलंय. हाडांवर कुपोषणाच्या खुणा, तरुण वयातच झिजलेले मणके. 'मृतांचा ग्रंथ' कसला आणि ४०१ बाहुल्या कसल्या. या माणसांच्या श्रद्धेबद्दल तुमच्या खापऱ्या काय सांगतात? काहीही नाही.

खडूची पेटी

@पोटमाळा, नोकरदार होते हे मान्य. साध्या कामगाराचा महिन्याचा पगार साडेपाच पोती धान्य, चार गव्हाचं आणि दीड जवाचं. पोतं म्हणजे ७५ लिटरच्या वर. शेतमजुराच्या मानाने चैन. पण पगार आला तर!

तिसऱ्या राम्सेसच्या २९व्या वर्षी तो थकला आणि त्यांनी काम बंद पाडलं. नोंद असलेला जगातला हा सर्वांत जुना संप. आमेननख्त या लेखनिकाने लिहिलेलं त्याचं टिपण तुरीनला आहे. कामगार चौक्या ओलांडून खाली उतरले आणि राजांच्या स्मारकमंदिरांमागे जाऊन बसले. म्हणणं एवढंच: भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणलं. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. फारोला कळवा. हे कोणत्या राजाला? ज्याला ते देव म्हणत आणि ज्याचं थडगं ते खोदत होते त्याला.

चटईतल्या माणसांबद्दल: खापऱ्या त्यांच्याविषयी काही सांगत नाहीत, बरोबर. पण वाळूतली ती चटई सांगते. सोबत कुठे एखादं मडकं, कुठे एखादा ताईत असतो. ममी न करता, मंत्र न लिहिता पुरलेल्यालाही काहीतरी बरोबर दिलंय. त्यापुढे मी जाणार नाही.

निळावंती

कोनाड्यातल्या पूर्वजांवरून आठवलं: मेलेल्यांना पत्रं लिहायची पद्धत. वाडग्यावर लिहून त्यात नैवेद्य ठेवायचा, म्हणजे जेवायला आला की वाचेल. नंतर पपायरसवरही लिहू लागले.

नेदरलँड्समध्ये लायडनला एक पपायरस आहे, एकोणिसाव्या राजवंशातला. एका विधुराने बायकोला, अंखिरीला, लिहिलेलं. सगळं पत्र म्हणजे भांडण आहे. मी तुझं काय वाईट केलं म्हणून माझी ही दशा झाली? मोठा अधिकारी झालो तरी तुला टाकलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा चांगला वैद्य आणला, तो म्हणेल ते केलं. फारोबरोबर दौऱ्यावर होतो, तू गेल्याचं कळल्यावर महिनोन् महिने धड जेवलो नाही. परत आल्यावर दारात सगळ्यांसमोर रडलो. गुंडाळायला उंची कापड दिलं. तीन वर्षं झाली, एकटा राहतोय. घरातल्या बायकांपैकी एकीकडेही गेलो नाही! आणि वर धमकी: पश्चिमेकडच्या देवांपुढे आपला निवाडा होऊ दे.

हे ज्यांना मरणाची भव्य पूजा वाटते त्यांनी पुन्हा वाचावं. तिचं मरण झालंय, संसार संपलेला नाही.

आणि नौनख्तेला विसरू नका. याच देर अल मदिनाची बाई. आठ मुलं वाढवली. पाचव्या राम्सेसच्या तिसऱ्या वर्षी साक्षीदारांपुढे उभी राहून मृत्युपत्र केलं: मी फारोच्या देशातली स्वतंत्र बाई आहे, या आठांना मी वाढवलं, त्यांचे संसार थाटून दिले, आता म्हातारी झाले तर हे मला बघत नाहीत. ज्याने हात दिला त्याला वाटा, ज्याने दिला नाही त्याला नाही. ज्याने जास्त बघितलं त्याला वर काशाचं भांडं.

शेवंती

नौनख्ते ___/\___

तिचा पहिला नवरा केनहेरखेपशेफ हा गावचा लेखनिक, तिच्यापेक्षा बराच मोठा. त्याच्याकडे पपायरसांचा चांगला संग्रह होता आणि त्यात स्वप्नांचं पुस्तक होतं, ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थोडे नमुने. मोठी मांजर दिसली: चांगलं, पीक भरपूर येणार. खिडकीतून बाहेर बघितलं: चांगलं, देव हाक ऐकणार. खोल विहिरीत डोकावलं: वाईट, तुरुंगात जाणार. अंथरुणाला आग लागली: वाईट, बायकोला हाकलणार. आरशात तोंड दिसलं: वाईट, दुसरी बायको. यातलं 'वाईट' लाल शाईत लिहिलंय. वाईट स्वप्न पडलं तर उताराही दिलाय, भाकरी आणि ताज्या पालेभाजीला बियर लावून तोंडाला चोळायची.

हिशोबी लेखनिक दिवसा हजेरी मांडतो आणि रात्री मांजर दिसली का ते बघतो. मला यात काही विसंगत वाटत नाही.

उंटावरचा शहाणा

@गावकूस, मेरेरचं माहीत नव्हतं. वाचतो.
पण मग एक सांगा. देव आहे, तराजू आहे, राक्षसीण आहे, एवढं सगळं मानत होते तर थडगी फोडली कोणी? राजांच्या खोऱ्यात जवळजवळ सगळी रिकामी सापडली. परदेशी चोरांनी?

गावकूस

छे, बहुतेक ओळखीच्यांनी. नवव्या राम्सेसच्या १६व्या वर्षीच्या चौकशीचे कागद आहेत. आमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब: आम्ही आठ जण तांब्याच्या छिन्न्या घेऊन सोबेकेमसाफ राजाच्या पिरॅमिडमध्ये शिरलो. राजा 'देव' सोन्यात मढवून निजला होता. राणीही. सोनं, ताईत काढले, पेट्यांना आग लावली. प्रत्येकाच्या वाट्याला २० देबेन सोनं आलं, म्हणजे पावणेदोन किलोच्या वर. पुढे तो सांगतो की मला पकडलं, मी माझा वाटा धक्क्यावरच्या लेखनिकाला दिला, त्याने सोडलं, आणि परत आल्यावर साथीदारांनी मला पुन्हा वाटा दिला.

पेट्या जाळायच्या म्हणजे काय? वरचा मुलामा वितळवायला जाळल्या हे एक. पण ज्याचं शरीर आणि नाव उरत नाही तो उठून जाब विचारायला येऊ शकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. न मानणाऱ्याला एवढी काळजी घ्यायची गरज नव्हती.

खडूची पेटी

@गावकूस, शेवटच्या वाक्याबद्दल मी जरा सावध राहीन, सोनं हे पुरेसं कारण आहे. पण यापुढची गोष्ट मला अधिक विचित्र वाटते.

विसाव्या राजवंशाच्या शेवटी राज्य खिळखिळं झालं, लिबियन टोळ्यांच्या भीतीने गाव सोडून लोक जवळच्या मेदिनेत हाबू या मंदिराच्या तटात राहायला गेले. तिथला लेखनिक बुतेहामुन, थडगी खोदणाऱ्यांच्या पिढीजात घराण्यातला. आता नवी थडगी खोदायची नव्हती; जुनी उघडायची होती. सेनापती पिआंखचा हुकूम पत्रात आहे: जुन्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत त्याचं सील जपा. त्या काळापासून राजांच्या ममी बाहेर काढल्या गेल्या, मढवलेलं सोनं उतरवलं गेलं, नव्या कापडात बांधून गुपचूप हलवल्या गेल्या. तिसऱ्या राम्सेसच्या कापडावर या बुतेहामुनचं नाव आहे.

आणि याच माणसाने आपल्या मेलेल्या बायकोला, इख्तायला, पत्र लिहिलंय, तेही थेट तिला नाही तर तिच्या शवपेटीला उद्देशून: हे थोर पेटी, तुझ्या खाली ती निजली आहे, माझं ऐक आणि तिला निरोप दे, विचार तिला, कशी आहेस? ती कपची लूव्रमध्ये आहे.

पोटमाळा

म्हणजे दरोडेखोरच, फक्त सरकारी शिक्क्याचे. राजाच्या अंगावरचं सोनं उतरवायचं आणि घरी येऊन बायकोच्या पेटीशी बोलायचं. तुम्हाला यात फार काही उदात्त दिसत असेल तर दिसू दे.

खडूची पेटी

@पोटमाळा, उदात्त मी कुठे म्हटलं? सोनं उतरवलंच. पण त्यांनी पेट्या जाळल्या नाहीत. कापड बदललं, त्यावर राजाचं नाव शाईने लिहिलं आणि देर अल बहरीच्या डोंगरात एकावर एक रचून ठेवलं. १८८१ साली तो साठा उघडला तेव्हा तिसरा थुतमोस, पहिला सेती, दुसरा राम्सेस सगळे नावानिशी ओळखता आले, ते या शाईमुळे. सोन्याचा हिशोब सेनापतीला दिला आणि नावांचा देवांना. दोन्हीकडे सही त्याच लेखनिकांची.

तिठा, तुम्ही विचारलेल्या लिखित प्रश्नांच्या कपच्यांवर सवडीने वेगळं लिहितो. शेवंती, विंचवाच्या मंत्रांवर तुम्ही लिहा.